अण्णांचा उजवा हात

मेच्या पहिल्या रविवारी धाकटीची 'नीट' होती. क्लास लातूरला, सेंटरही लातूरलाच, फक्त घर तेवढं नांदेडला. ती गेली दोन वर्षं तिथेच राहते, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं, म्हणजे मी, आई आणि अण्णा, सकाळी सातला नांदेडहून निघालो. गाडी माझी (सेकंड हँड, पण माझी), स्टिअरिंगवर मात्र अण्णा. "तू बस बाजूला. तुम्हा पुण्याच्या पोरांना रस्त्यावर म्हशी असतात हे ध्यानातच राहत नाही." एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाशी गाडी कुणी चालवायची यावर वाद घालू नये. मी घालत नाही.

तर लोहा मागे टाकल्यावर कुठेतरी माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. नेहमीसारखा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. दोन्ही हात स्टिअरिंगवर शेजारी शेजारी. आणि उजवा हात डाव्यापेक्षा चांगला दोन छटांनी काळा. नुसता काळा असता तर एवढं वाटलं नसतं. कातडी जाड झालेली, कोपरापासून मनगटापर्यंत सुरकुत्यांची जाळी, मधेमधे मोहरीएवढे पांढरे ठिपके. डावा हात त्यापुढे दहा वर्षांनी लहान माणसाचा वाटत होता.

"अण्णा, तुमचा हा हात असा कसा ओ?"

"कसा म्हणजे? खिडकीचा हात आहे तो."

खिडकीचा हात! इतकं सरळ उत्तर. मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं या माणसाबरोबर जगतोय आणि मला आज दिसलं. तेवढ्यात मागून आईचा आवाज: "धाकटीला फोन लाव बरं, स्कार्फ आणि सनकोट घालूनच निघ म्हणावं. लै ऊन आहे. काळी पडेल."

हा लेख त्या दोन वाक्यांबद्दल आहे. एकाच गाडीत, एका मिनिटाच्या अंतराने बोलली गेलेली.

आपल्याकडे उन्हापासून कातडी वाचवणे हा विषय काढला की तो पाच सेकंदांत गोरेपणावर जाऊन बसतो. ताईच्या लग्नाच्या वेळी बायोडेटा बनवला तो मीच, वर्डमध्ये, गणपतीच्या चित्रासकट. 'रंग' या ओळीवर घरात पाऊण तास चर्चा झाली. 'सावळा' लिहायला आई तयार नाही, 'गोरा' लिहायला ताई तयार नाही, शेवटी आत्याने 'निमगोरा' काढला आणि प्रश्न मिटला. त्या उन्हाळ्यात ताईला दुपारी गच्चीवर पापड वाळत घालायलाही पाठवलं नाही. पापड मी घातले. मी काळा पडलो तर कुणाला काही फरक पडणार नव्हता. त्याच काळात अण्णा रोज आठ-आठ तास तो हात खिडकीबाहेर भाजत होते, आणि त्यांच्याबद्दल असा विचार करायचा असतो हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

म्हणजे घरात आम्ही जे वाचवत होतो ती कातडी नव्हतीच. तो बायोडेटा होता.

आता थोडं इंजिनिअरिंग. (ज्यांना कंटाळा आहे त्यांनी सरळ हळदीपर्यंत जावं.)

उन्हात तीन गोष्टी एकत्र येतात: उजेड, उष्णता आणि डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण. कातडीचं नुकसान मुख्यतः अतिनील करतात आणि त्यांचा आणि तापमानाचा थेट संबंध नाही. आपण चार वाजता 'बापरे काय ऊन आहे' म्हणतो कारण हवा, भिंती, डांबर सगळं तापून तेव्हा कळसाला पोचलेलं असतं. अतिनीलचा कळस त्याच्या खूप आधी होऊन गेलेला असतो, सूर्य सगळ्यात वर असताना. आणि सूर्य सगळ्यात वर म्हणजे आपल्याकडे घड्याळातले बारा नव्हेत. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे, नांदेड-लातूर त्याच्या पाच-सहा अंश पश्चिमेला आहेत, एका अंशाला चार मिनिटं. गणित केलं तर मे महिन्यात आपली खरी दुपार सव्वाबाराच्या जरा पुढेमागे येते. शिवाय दोन्ही शहरं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे मेच्या मध्यात एक दिवस सूर्य अगदी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. लातूरला साधारण १३-१४ तारखेला, नांदेडला त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. त्या आठवड्यात अतिनील किरणांना वातावरणातून सगळ्यात जवळची वाट मिळते.

या किरणांचा जोर मोजायला एक आकडा आहे, यूव्ही इंडेक्स. १९९२ साली कॅनडात सुरू झाला, नंतर जागतिक आरोग्य संघटनेने उचलला. तीनच्या वर गेला की अंग झाका म्हणतात, अकराच्या वरच्या पायरीचं नावच 'अतितीव्र' अशा अर्थाचं आहे. निरभ्र आकाश असेल तर मेच्या भर दुपारी आपण त्या वरच्या पायरीवर असतो. मोबाइलच्या हवामानाच्या ॲपमध्ये हा आकडा तापमानाच्या खालीच कुठेतरी असतो, कुणी बघत नाही. नका बघू. त्याहून सोपी युक्ती म्हणजे स्वतःची सावली. सावली तुमच्या उंचीपेक्षा छोटी असेल तर किरण जोरात आहेत. मेमध्ये नांदेडला ही वेळ साधारण सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन अशी येते. आपण मात्र अकरापर्यंत 'अजून ऊन चढलं नाही' म्हणत फिरतो आणि साडेचारला घाबरून घरात बसतो. उलटा कारभार.

आता खिडकीचा हात. अतिनीलचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. 'बी' भाजतो, लाल करतो. 'ए' भाजत नाही पण कातडीत खोल शिरतो, तिचा ताण सैल करतो, सुरकुत्या आणतो, डाग गडद करतो. साधी काच 'बी'ला अडवते, 'ए'ला बऱ्यापैकी आत सोडते. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, ती बरीच राखते. बाजूच्या काचेचा भरवसा नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापून आला होता. अठ्ठावीस वर्षं मालाचा ट्रक चालवलेला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे चेहऱ्याची डावी बाजू लोंबलेली, खोल वळ्यांची, आणि उजवी बाजू जणू त्याच्याच धाकट्या भावाची. मला तो फोटो माहीत होता. पुण्यात एसीत बसून कधीतरी कुणीतरी पाठवला होता, मी दोघा-तिघांना पुढे ढकललाही होता, 'बघा भयंकर' म्हणून. आणि तसाच हात घरात रोज माझ्यासमोर भाकरी मोडत होता.

असो. तर हळद.

परीक्षेच्या आधीचा आठवडा मी सुट्टी टाकून नांदेडला होतो. मामाचं शेत अर्धापूरकडे. तिकडची केळी लोकांना माहीत असतात, पण हळदही भरपूर होते. हळद काढायची, शिजवायची, मग मोकळ्या जागेत पसरून दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवायची आणि मग पॉलिश. म्हणजे सगळं काम नेमकं उन्हाळ्यातलं. मी गेलो तेव्हा खळ्यावर शेवटची हळद वाळत होती आणि पाच-सहा बाया ती खालीवर करत होत्या. साडी, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोक्यावर पदर, पदरावरून टॉवेलचा घट्ट फेटा, नाकातोंडावर दस्ती. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही हे चित्र नवं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की सनकोट, स्कार्फ वगैरे शहरात येण्याच्या कितीतरी आधी या बायांनी तो शोधलाय आणि तो जास्त चांगला आहे. जुना शर्ट जाड असतो, धुऊन धुऊन आटलेला, विण घट्ट. कापडाने किरण अडतात ते विणीने आणि रंगाने. तलम पांढऱ्या ओढणीतून बरंच काही आत येतं, घामाने ओली झाली की आणखी येतं. गडद, घट्ट विणीचं, सैल कापड उत्तम. लातूरच्या औसा रोडवर क्लासेस सुटले की फक्त डोळे दिसणाऱ्या स्कूटींची जी रांग निघते ना, त्यातल्या अर्ध्या स्कार्फपेक्षा तो फाटका शर्ट सरस.

तिथल्या एक मावशी सावलीला पाणी प्यायला आल्या. मी उगाच विचारलं, ऊन लागत नाही का ओ. त्या म्हणाल्या, "लागतंय की. पण हळदीला ऊन पायजे ना." आणि हसल्या. गालांवर दोन्ही बाजूंना वांग.

काय गंमत आहे बघा. जी हळद पुढे जाऊन नवरीच्या अंगाला लागणार, 'उजळ' दिसण्यासाठी, ती वाळवणारीच्या तोंडावर वांग उठलंय. आणि मुळात हळदीला ऊन सोसत नाही. हळदीचा डाग पडलेला शर्ट आई उन्हात टाकते आणि दोन दिवसांत डाग उडतो, कारण तो पिवळा रंग उजेडात तुटतो. असा जो स्वतःच उन्हात टिकत नाही, तो लेप लावून आपलं उन्हापासून रक्षण होईल हे मला पटत नाही. बेसन-हळद लावायची हौस असेल तर लावा, बिघडत नाही. पण लिंबू? कृपा करून नको. लिंबाच्या रसात असं द्रव्य असतं की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर महिनोन्महिने काळे डाग राहतात. 'टॅन घालवायला लिंबू चोळा' हा सल्ला देणाऱ्या प्रत्येक व्हिडिओखाली हे लिहावंसं वाटतं. माझ्या चुलत बहिणीने रसवंतीत लिंबं पिळून, हात न धुता स्कूटी चालवली होती. अजून मनगटावर ओघळाचा डाग आहे.

वांगाचं सांगतो, कारण ते आमच्या घरातलं आहे. आईला पाच-सहा वर्षांपूर्वी गालांवर वांग आलं. तिने कुणा डॉक्टरला दाखवलं नाही. गल्लीतल्या बायकांनी एका ट्यूबचं नाव सांगितलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी न विचारता ती दिली, आणि दोन आठवड्यांत चेहरा असा उजळला की तिने ती आत्यालाही घेऊन दिली. वर्षभराने ट्यूब बंद केली की तोंड लाल, आग, बारीक पुळ्या. पुन्हा लावली की बरं. अशी दोन वर्षं. शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं, त्यात स्टेरॉइड होतं. कातडी पातळ झाली होती, आणि पातळ कातडीला ऊन आणखी लागतं. म्हणजे उन्हाचा डाग घालवायला घेतलेल्या औषधाने तिला उन्हात जाण्यालायकच ठेवलं नव्हतं. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने नियम कडक केले. नियम कागदावर आहे. मेडिकलवाला कोपऱ्यावर आहे.

आणि ही नशिबवान म्हणायची. अकोल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, २०२२-२३ची. एकाच घरातल्या तिघींनी स्थानिक पार्लरमधून घेतलेलं गोरं करायचं क्रीम लावलं आणि तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आली आणि २०२० मध्ये तिने नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. नाव बदललं, चांगलं झालं. पण आमच्या आत्याच्या तोंडात अजून जुनंच नाव आहे. आणि डोक्यात जुनाच हिशोब.

"मग सनस्क्रीन लावा ना," असं पुण्यातली माझी टीम म्हणेल. लावा. मी लावतो. डबीवरच्या एसपीएफ नावाच्या आकड्याभोवती फार जादू केलेली आहे, तर तेवढं सांगून टाकतो. हा आकडा 'बी' किरणांपुरता. १५चं असेल तर साधारण ९३ टक्के अडतात, ३०चं असेल तर ९७, ५०चं असेल तर ९८. म्हणजे ३० वरून ५० वर जाऊन फायदा एका टक्क्याचा, किमतीत फरक मात्र बराच. 'ए' किरणांसाठी वेगळी खूण बघायची, पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं. वांग असेल तर नुसतं अतिनील नव्हे, साधा उजेडही त्रास देतो, त्यामुळे अशांना डॉक्टर रंग असलेलं, लोहाचं ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन देतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे सगळे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम असा जाड थर देऊन काढलेले असतात. आपण लावतो त्याच्या निम्मंही नाही, वाटाण्याएवढं घेऊन दोन्ही गालांना पुरवतो.

हिशोब करून बघू. चेहरा आणि मान मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरा. एका वेळेला १.२ ग्रॅम. घाम येतो म्हणून दर दोन तासांनी पुन्हा. सकाळी नऊ ते साडेतीन म्हणजे चार वेळा. दिवसाला जवळजवळ ५ ग्रॅम, ५० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत खलास. ४०० रुपयांची ट्यूब धरली तर महिन्याला १२०० रुपये, आणि यात हात धरलेले नाहीत. मामाकडे बायांची रोजी तीनशेच्या आसपास. म्हणजे महिन्यातले चार दिवस फक्त तोंड झाकण्यासाठी खळ्यावर हळद फिरवायची. कुठली मावशी हे करेल? का करावं?

म्हणून मला वाटतं, सनस्क्रीन हा आपल्याकडचा पहिला उपाय नाहीच. तो ऑफिसला जाणाऱ्या, पार्किंगपासून लिफ्टपर्यंत उन्हात असणाऱ्या माझ्यासारख्यांचा उपाय आहे. उन्हात राबणाऱ्याचे उपाय तीनच: वेळ, कापड आणि सावली. यातलं कापड त्याचं तो बघतो. वेळ आणि सावली त्याच्या हातात नसते. ती मालकाच्या, मुकादमाच्या, नगरपालिकेच्या हातात असते.

मामाला मी हे बोललो. काम पहाटे पाचला सुरू करून दहाला थांबवा, उरलेलं चारनंतर. मामा म्हणाला, "बाया लांबून येतात रे. सहा घरचं पाणी, सैपाक, लेकरं करून येतात. पाचला कशा येतील?" बरोबर होतं. पुण्यात बसून आर्किटेक्चर सुचवलं की असं होतं. मग निदान खळ्यावर हिरवी जाळी बांधू म्हटलं, चार बांबू लावून. बाया ज्या बाजूला पाखडायला बसतात तिथे तरी. हळद उन्हात राहील, माणसं सावलीत. मामाने लगेच मान डोलावली आणि, खरं सांगायचं तर, त्याला लाज वाटलेली दिसली. जाळी त्याच्याकडे पडूनच होती. रोपांसाठी आणलेली.

रोपांसाठी! २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामाच्या ठिकाणी पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, लेकरांसाठी सावली हे सगळं लिहिलेलं होतं. म्हणजे सावली ही मजुराला देण्याची गोष्ट आहे हे आपल्याला कळत नव्हतं असं नाही. पण १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात लाखो लोक उघड्या मैदानावर भर उन्हात बसवले गेले, व्यासपीठावर छप्पर होतं, आणि उष्माघाताने १४ जण गेले. तिथे प्रश्न कातडीचा नव्हता, जिवाचा होता. पण छप्पर कुणाच्या डोक्यावर घालायचं हा प्रश्न तोच.

लातूरला आम्ही दहाच्या सुमाराला पोचलो. वाटेत अण्णा प्रत्येक वळणावर सांगत होते, इथे वड होता, इथे चिंचेची रांग होती, इथे गाडी बंद पडली तर प्रवासी कडुलिंबाखाली बसवायचो. रस्ता आता झकास झालाय, शंका नाही, नांदेड-लातूर पूर्वीच्या मानाने कितीतरी लवकर होतं. पण सावली गेली. लातूर जिल्ह्यात जंगल आधीच एक टक्काही नाही, जी काही झाडं होती ती रस्त्याच्या कडेलाच होती.

सेंटरवरचं दृश्य. दोनला पेपर, दीडला गेट बंद, त्यामुळे पोरं अकरापासून रांगेत. आणि नीटचा पोशाखाचा नियम काय, तर पूर्ण बाह्या चालत नाहीत. कॉपीच्या भीतीने. म्हणजे वर्षभर सनकोट, स्कार्फ, हातमोजे घालून फिरलेल्या शेकडो पोरी वर्षातल्या सगळ्यात महत्त्वाच्या दिवशी, अर्ध्या बाह्यांत, बरोब्बर सव्वाबाराच्या उन्हात, उघड्या डोक्याने रांगेत. हा नियम दिल्लीत बसून करताना त्यांच्या खिडकीबाहेर एखादं तरी झाड असणार. कॉपी थांबवायला बाह्या कापा, माझं काही म्हणणं नाही. पण रांगेवर मांडव घालायला काय अडचण आहे? लग्नात पाचशे माणसांवर मांडव घालणारा माणूस लातूरच्या प्रत्येक गल्लीत सापडतो.

धाकटी आत गेली. जाताना तिने सनकोट काढून आईकडे दिला आणि आईने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, "काळी पडेल म्हणून काळजी करू नकोस, पेपर चांगला जाऊ दे." आई म्हणाली, "काळी पडेल म्हणून नाही रे. तिला गेल्या महिन्यात हातावर पुरळ उठलं होतं उन्हाने. रात्रभर खाजवत होती." हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे आईच्या 'काळी पडेल'मध्ये पुरळही होतं, खाजही होती, काळजीही होती. फक्त शब्द तो एकच होता, कारण आमच्याकडे पोरीच्या कातडीबद्दल काळजी बोलायला दुसरा शब्दच कुणी दिलेला नाही. तेवढ्यापुरते वर लिहिलेले दोन टोमणे मी मागे घेतो. सगळे नाही.

मग पावणेदोनपासून सव्वापाचपर्यंत आईबापांची परीक्षा. गेटसमोर एक कडुलिंब, त्याखाली दीडशे माणसं, सावली सरकेल तशी सरकणारी. कुणी दस्ती ओली करून डोक्यावर टाकलेली, कुणाच्या खिशात कांदा. एका आजोबांकडे काळी छत्री होती, मोठी, जुन्या मुठीची. अंगावर सावली पाडणारी याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. पण आमच्या पिढीतला एकही पुरुष उन्हात छत्री धरत नाही. पावसात धरतो. उन्हात धरली तर नाजूक ठरतो. मीही नाही धरत, खोटं कशाला बोला.

अण्णा झाडाखाली गेलेच नाहीत. ते गाडीत बसले, खिडकी उघडी टाकून, उजवा हात दारावर. सवयीने. मी जाऊन माझ्या बॅगेतली ट्यूब काढली आणि त्यांच्या हातावर पिळली. त्यांनी आधी वास घेतला, मग आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघितलं, मग चोळली. पांढरा थर बसला. "चुना लावल्यासारखं दिसूलालंय," म्हणाले. मग म्हणाले, "केवढ्याची?"

सांगितलं.

"येड्या," ते म्हणाले, "एवढ्यात फुल बाह्यांचा शर्ट शिवून होतो." आणि हात दारावरून आत घेतला.

पुण्याला यायच्या आदल्या दिवशी वजिराबादला जाऊन त्यांच्यासाठी कापड घेतलं. निळं, जाडसर, तीन शर्टांचं. शिंपी म्हणाला, अर्ध्या बाह्यांचं माप आहे माझ्याकडे साहेबांचं, तेच धरू ना? नवीन माप घ्यायला अण्णांना पाठवून दिलंय.